व्हॉल्व्ह ॲम्पमधली तडतड: दर पावसाळ्यात परत येणारा आवाज

वसईचा माझा एक मित्र लग्नांत, पार्ट्यांत गिटार वाजवतो. त्याचा व्हॉल्व्ह ॲम्प (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प्लिफायर) सलग तीन पावसाळे बिघडला आणि तिन्ही वेळा तक्रार तीच. सुरू केला की वीस मिनिटं गुणी बाळासारखा चालतो, मग फोडणीत मोहरी पडावी तशी तडतड सुरू होते. आधी एखादा दाणा, मग मूठभर.

पहिल्या वर्षी तो एका दुकानात गेला. तिथे पाचही व्हॉल्व्ह बदलले. थोडे दिवस कमी-जास्त होत राहिलं आणि मग आवाज गेला. दुसऱ्या वर्षी ॲम्प माझ्याकडे आला. मी एक रेझिस्टन्स बदलला, आवाज गेला. तिसऱ्या जुलैत तो पुन्हा दारात उभा. "अरे, माझ्या ॲम्पला सर्दी झालीये बघ परत," म्हणाला. माझी ट्यूब पेटायला हे वाक्य पुरेसं व्हायला हवं होतं. नाही पेटली, पुढे दोन संध्याकाळी घालवाव्या लागल्या.

हा ॲम्प म्हणजे फेंडरच्या १९५०च्या दशकातल्या ट्वीड डिलक्सची, ५ई३ या सर्किटच्या नकाशाची, कुणीतरी हौसेनं हातानं जोडलेली नक्कल. व्हॉल्व्ह पाच: इनपुटकडे १२एवाय७, मग १२एएक्स७ (आपल्याकडचे जुने रेडिओवाले तिला ईसीसी८३ म्हणून ओळखतात), पॉवरला दोन ६व्ही६ आणि रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) ५वाय३. तुमचा ॲम्प वेगळा असेल, पण शोधायची पद्धत फारशी बदलत नाही. त्या तडतडीकडे येतोच. तिथे पोचायच्या आधी जे करायला हवं, आणि नव्वद टक्के लोक जे करत नाहीत, ते आधी.

उघडण्याआधी

व्हॉल्व्ह ॲम्पच्या आत ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही तो फिल्टर कंडेन्सरमध्ये (डीसी सपाट करणाऱ्या मोठ्या कंडेन्सरमध्ये) बसून राहतो. १० किलोओहम, ५ वॅटचा एक रेझिस्टन्स घ्या, त्याला इन्सुलेशनवाल्या क्लिपा लावा आणि प्रत्येक मोठ्या कंडेन्सरवर दहा सेकंद धरा. मग मीटरनं मोजा. १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय बोट आत नाही. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणारे पाहिले आहेत. कंडेन्सरही मरतो आणि कधीतरी माणूसही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ज्या काकांकडे मी हे शिकलो, ते चालू सेटवर मोजताना डावा हात पँटच्या खिशात ठेवायचे. मला तेव्हा ती ऐट वाटायची. दोन्ही हात आत असले तर करंट एका हातातून दुसऱ्या हातात छातीवरून जातो, हे त्यांनी नंतर सांगितलं.

दुसरी गोष्ट, स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प कधीही चालवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि तो या सगळ्यातला महागडा भाग आहे.

यातलं काही नवखं वाटत असेल तर पुढची निम्मी कामं ॲम्प न उघडताही होतात. तेवढीच करा.

आधी घराला दोष द्या

गिटारची केबल काढा. आवाज गेला? मग ॲम्पला हात लावू नका. दोष गिटारमध्ये, केबलमध्ये, पेडलच्या ॲडॉप्टरमध्ये किंवा तुमच्या घरात आहे.

आपल्या घरांतले नेहमीचे आरोपी मला तोंडपाठ झालेत. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पहिला. पंखा पाचवर असताना शांत, दोन-तीनवर आणला की गिटारमधून भुणभुण. हा रेग्युलेटर प्रत्येक लहरीचा थोडा तुकडा कापून पंख्याला देतो आणि त्या कापण्याच्या कडेचा कचरा गिटारचा सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचा) पिकअप उचलतो. दुसरी देवघरातली एलईडीची माळ. तिसरा फोनचा स्वस्त चार्जर. एक-एक बंद करून पाहा, आणि गिटार गळ्यात ठेवूनच स्वतःभोवती हळूहळू फिरा. दिशा बदलली की आवाज कमी-जास्त होत असेल तर तो पिकअपमधूनच येतोय, हे नक्की.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर ॲम्प चालवून "एकदम खराब झाला" म्हणणारे दोघं-तिघं मला भेटलेत. घरगुती स्वस्त इन्व्हर्टर गोल साइन लहर देत नाही, पायऱ्यापायऱ्यांची चौकोनी लहर देतो. त्यावर चांगला ॲम्पही कुरकुरतो आणि ट्रान्सफॉर्मरची पत्रीसुद्धा थरथरते. वीज येईपर्यंत थांबा. जमत नसेल तर साइन वेव्हचा इन्व्हर्टर आणा.

आणखी एक, खास आपल्याकडचं प्रकरण. अमेरिकेतला भाऊ येताना ११० व्होल्टचा ॲम्प घेऊन येतो आणि इथे त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. बाजारातल्या अनेक स्टेप-डाउनना पुढे टू-पिनचंच सॉकेट असतं. म्हणजे अर्थिंग तिथेच तुटलं. ॲम्प गुणगुणतो आणि गिटारच्या तारांना हात लावला की मुंग्या येतात. थ्री-पिनचा, अर्थ आरपार नेणारा स्टेप-डाउन घ्या. आणि ६० हर्ट्झसाठीच बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो, म्हणून आत काही करण्याआधी त्याची पाटी वाचा.

गिटारच्या तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर घाबरायचं काही नाही. तुमचं शरीर अँटेनासारखं वागत असतं, तारांमधून ते अर्थ झालं की शांत होतं. हात लावल्यावर वाढत असेल किंवा झिणझिण्या येत असतील, तर मात्र प्लग काढा आणि वायरमनला बोलवून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. गुणगुण जाते म्हणून अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याचा ॲम्प आधी तसा चालवायला सांगा, तारा त्याच्या हातात असताना.

सूर ओळखा

गुणगुण ॲम्पच्याच आतली आहे हे ठरलं की पहिला प्रश्न: तिचा सूर कोणता? हे गिटारवाल्याला मेकॅनिकपेक्षा सोपं जातं. सर्वांत जाड ई तारेचा तिसरा फ्रेट वाजवा. तो जी, ९८ हर्ट्झ. ॲम्पची गुणगुण त्याच्याशी जवळपास जुळते पण किंचित चढी वाटते? मग ती १०० हर्ट्झ. त्याच्या एक सप्तक खाली, पोटात जाणवणारी? ती ५० हर्ट्झ. ट्यूनरवर जाऊ नका, तो दोन्हींना जीच म्हणेल. इंग्रजी व्हिडिओंत ६० आणि १२० ऐकू येतं ते त्यांच्या विजेचं, आपलं ५० आणि १००.

फरक एवढा महत्त्वाचा का? रेक्टिफायर विजेच्या दोन्ही बाजू वापरतो, त्यामुळे फिल्टर कंडेन्सरवरची लहर दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झची होते. १०० ऐकू आली तर संशय कंडेन्सरवर. ते वयानं आतून सुकतात. मीटर एसीवर लावून एच.टी.च्या (व्हॉल्व्हना जाणाऱ्या मोठ्या डीसीच्या) प्रत्येक कंडेन्सरवर मोजा. पहिल्यावर काही व्होल्टची लहर असणारच, पुढच्या प्रत्येकावर ती झपाट्यानं कमी व्हायला हवी. होत नसेल तर तो बदला. बदलताना मोह आवरा. ५वाय३सारख्या व्हॉल्व्ह रेक्टिफायरला पहिल्या कंडेन्सरची मर्यादा असते, १६ मायक्रोफॅरडच्या जागी १०० लावला तर सुरू होतानाचा झटका व्हॉल्व्हच मारून टाकेल. आणि दोन पॉवर व्हॉल्व्हपैकी एक थकला असेल तरीही १०० हर्ट्झ वर येते, कारण एरवी दोघांची लहर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकीला खाऊन टाकते. म्हणून कंडेन्सर मागवण्याआधी ६व्ही६ची दुसरी जोडी टाकून पाहा.

५० हर्ट्झ आली तर हीटरकडे, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या तापणाऱ्या तारेकडे, बघा. ६.३ व्होल्टच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन, चासीच्या (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याच्या) कोपऱ्यातून गेल्या आहेत का? हीटरच्या वाइंडिंगला मधला टॅप नसेल तर दोन १०० ओहमचे रेझिस्टन्स घेऊन दोन्ही बाजूंकडून चासीला जोडले की खोटा मध्य तयार होतो. जुन्या काही नकाशांत हीटरची एक बाजू सरळ चासीला दिलेली असते, तिथे हा बदल लगेच ऐकू येतो. कधी एखाद्या व्हॉल्व्हच्या आतच हीटरची गळती कॅथोडमध्ये (हीटरनं तापणाऱ्या भागात) होते. तो व्हॉल्व्ह बदलला की विषय संपला.

व्हॉल्व्ह उपसत जा

तडतड, खरखर, सूं-सूं, यांना सूर नसतो. त्यांच्यासाठी जागा शोधावी लागते.

व्हॉल्यूम शून्यावर न्या. आवाज गेला तर तो व्हॉल्यूमच्या आधीचा, म्हणजे इनपुट जॅक किंवा पहिला व्हॉल्व्ह. नाही गेला तर पुढचा. मग ॲम्प बंद करून पहिला व्हॉल्व्ह काढा (फडक्यानं धरा, चटका बसतो), पुन्हा सुरू करा, ऐका. अजून आहे? दुसरा काढा. ज्या व्हॉल्व्हबरोबर आवाज गेला, दोष त्याच्यात, त्याच्या बेसमध्ये (सॉकेटमध्ये) किंवा त्याच्याभोवतीच्या चार-सहा भागांत. सगळे प्री (पॉवरच्या आधीचे) व्हॉल्व्ह काढूनही आवाज राहिला तर पॉवर किंवा सप्लाय. हीटर समांतर जोडलेले असतात त्या ॲम्पमध्येच हे चालतं. मालिकेत जोडलेले असतील तर एक काढला की शेजारीही विझतो आणि तुम्ही फसता.

मग तिथे त्याच जातीचा, चालू असल्याची खात्री असलेला व्हॉल्व्ह लावा. आवाज गेला तर...

इथे थांबा. बहुतेक जण इथेच फसतात. व्हॉल्व्ह काढून घालताना पिना बेसच्या पत्र्यावर घासल्या जातात, गंज खरवडला जातो. नव्या व्हॉल्व्हनं आवाज गेला असं वाटतं, प्रत्यक्षात तो घासण्यानं गेलेला असतो. जुनाच व्हॉल्व्ह परत लावून पाहा. आवाज परत आला तरच व्हॉल्व्ह दोषी. नाही आला तर कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या, बेस साफ करा आणि नव्या व्हॉल्व्हचे पैसे वाचवा.

हे मी इतक्या ठामपणे लिहितोय, पण दुसऱ्या वर्षी स्वतः पाळलं नाही.

आता ती तडतड

दुसऱ्या वर्षी व्हॉल्यूम शून्यावर तडतड होतीच. १२एवाय७ काढला, होतीच. १२एएक्स७ काढला, गेली. दुसरा १२एएक्स७ लावला, परत आली. म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष, दोष त्याच्या आसपास.

त्या जागेवर १०० किलोओहमचा प्लेट रेझिस्टन्स (व्हॉल्व्हच्या प्लेटला, म्हणजे मोठा डीसी मिळणाऱ्या टोकाला, जोडलेला) होता, जुन्या पद्धतीचा कार्बन कॉम्पोझिशनचा. ॲम्प बनवणाऱ्यानं "विंटेज टोन"साठी हौसेनं लावलेला. हे रेझिस्टन्स तडतडण्यासाठी प्रसिद्धच आहेत. मला आरोपी आयता मिळाला. खात्री करावी म्हणून हेअर ड्रायरची गरम हवा त्यावर सोडली. आधी तडतड वाढली, मग दहा मिनिटांत शांत. मी म्हटलं, सापडला. मेटल फिल्मचा १ वॅटचा लावला. ॲम्प चार तास चालवला, चिडीचूप. मित्राला फोन केला, पैसे नको म्हणालो, वर मिसळ खाऊ घातली त्यानं. बारा दिवसांनी त्याचा मेसेज, "थोडं थोडं येतंय रे." मग ऑक्टोबर आला आणि आवाज आपोआप गेला.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पहिल्या वर्षी व्हॉल्व्हनं काही केलं नव्हतं, दुसऱ्या वर्षी माझ्या रेझिस्टन्सनंही नाही. दोन्ही वेळा दुरुस्ती ऑक्टोबर हीटनं केली होती, आणि माझ्या टेबलावर हेअर ड्रायरनं. काढलेला जुना रेझिस्टन्स मी परत लावून पाहिला असता तर त्याच संध्याकाळी कळलं असतं की आवाज त्याच्याबरोबर येत नाही. मित्र मला एक गोष्ट सांगतही होता, मी ऐकली नाही. लांबलेल्या हळदीत तीन-तीन तास ॲम्प सुरू राहिला की शेवटी तडतड थांबते, म्हणाला होता.

तिसऱ्या वर्षी मी ठरवलं, आवाज घालवायचा नाही. आणायचा.

१२एएक्स७ काढून ठेवला आणि ॲम्प सुरू केला. ५ई३मध्ये या व्हॉल्व्हचा दुसरा अर्धा भाग फेज इन्व्हर्टर, म्हणजे दोन ६व्ही६ना एकमेकांच्या उलट सिग्नल देणारा टप्पा, असतो. त्याच्या ग्रिडवर (सिग्नल आत घेणाऱ्या टोकावर) व्हॉल्व्ह नसताना शून्य व्होल्ट दिसायला हवा, कारण ती जागा १ मेगाओहममधून खाली चासीकडे जाते. मीटरची काळी क्लिप चासीला लावली आणि एका हातानं लाल टोक बेसच्या ग्रिडच्या पिनेला टेकवलं (१२एएक्स७मध्ये ग्रिड २ आणि ७ या पिनांवर येतात). मीटरनं ४ व्होल्ट दाखवला, आणि तोही स्थिर नाही. ३.६, ४.१, ३.९.

ग्रिडवर नको तो डीसी दिसला की पहिला संशय कपलिंग कंडेन्सरवर घ्यावा. मागच्या प्लेटचा मोठा डीसी अडवणं हेच त्याचं काम, आणि तो गळू लागला की असंच होतं. ॲम्प बंद केला, कंडेन्सर रिकामे केले, कपलिंग कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक डाख सोडवून वर उचललं. पुन्हा सुरू. अजूनही साधारण ४ व्होल्ट. कंडेन्सर सुटला. मग हा ४ व्होल्ट येतो कुठून?

उरली ती खालची पट्टी. जुन्या धाटणीच्या या ॲम्पमध्ये सगळे भाग एका काळ्या फायबरच्या पट्टीवर, पितळी आयलेटमध्ये (पोकळ कड्यांमध्ये) डाख देऊन बसवलेले असतात. दिसायला बेकेलाइटसारखी, पण व्हल्कनाइज्ड फायबर म्हणजे मुळात कागदच, झिंक क्लोराइडची प्रक्रिया करून दाबलेला. आणि कागद वसईच्या जुलैत जे करतो तेच तोही करतो. मीटरचं लाल टोक पट्टीच्या उघड्या भागावर, कुठल्याही आयलेटपासून लांब ठेवलं. नुसत्या फळीवर ११ व्होल्ट.

हिशोब सोपा आहे. १ मेगाओहमवर ४ व्होल्ट म्हणजे ४ मायक्रोॲम्पियर. व्हॉल्व्ह काढलेला असल्यानं शेजारच्या प्लेटच्या आयलेटवर पूर्ण एच.टी., जवळपास ३०० व्होल्ट, उभा होता. म्हणजे मधल्या पट्टीचा रोध सुमारे ७.४ कोटी ओहम. साधा मल्टिमीटर ओहमवर लावून पाहिला तर तो "काही जोडलेलंच नाही" असं सांगतो. म्हणूनच दोन वर्षं ही गळती सापडली नव्हती. ती व्होल्टमध्येच दिसते. आणि ओल एकसारखी वाहत नाही, तुटक तुटक वाहते. ते तुटक तुटकपण ग्रिडवर पडलं की पुढे स्पीकरमधून मोहरी. थंड असताना ती झोपलेली, चासी कोमट झाली की चाळवते, आणि तीन तास भाजून निघाली की वाळते. हळदीची गोष्ट जुळली.

तरीही गेल्या वर्षीचा अनुभव होता, म्हणून पुरावा हवा होता. मुलाच्या माशांच्या टाकीतली दोन-अडीच फूट प्लॅस्टिकची नळी घेतली. मीटर ग्रिडवर क्लिपनं लावून ठेवला, स्वतः लांब उभा राहिलो, नळीचं दुसरं टोक पट्टीच्या एक वीत वर सुतळीनं टांगून ठेवलं आणि नळीतून तोंडाची वाफ सोडली, चष्मा पुसताना सोडतो तशी. ४ चा ६ झाला, मग ९. थांबलो तर मिनिटभरात हळूहळू उतरला. पुन्हा फुंकलं, पुन्हा चढला. बायको दारात येऊन बघून गेली, काही बोलली नाही.

दुरुस्ती त्यामानानं किरकोळ. पट्टी ड्रायरनं तासभर सुकवली, ग्रिडवरचा आकडा ०.५ च्या आसपास उतरला. पण सुकवणं हा उपाय नाही, पुढचा जुलै येणारच. ग्रिडला जाणारी तार, कपलिंग कंडेन्सरचं टोक आणि तो १ मेगाओहम, या तिघांचा सांधा पट्टीवरच्या आयलेटमधून सोडवला आणि चासीला वेगळी छोटी टॅग स्ट्रिप लावून तिच्यावर घेतला. आता पट्टी ओली झाली तरी तिच्यातली गळती ग्रिडपर्यंत पोचायला वाटच नाही. पॉवर व्हॉल्व्हांच्या ग्रिडचे सांधे तिथेच राहू दिले, त्यांना २२० किलोओहम असतो, तेवढ्याशा गळतीनं तिथे फारसं बिघडत नाही. कुणाला पूर्ण पट्टीच बदलायची असेल तर ग्लास इपॉक्सीची लावावी. मला ती मेहनत नको होती आणि मित्राला तो खर्च.

मग पुन्हा नळी. फुंकत राहिलो, मीटर शून्यावर. व्हॉल्व्ह लावला, वीस मिनिटं, चाळीस मिनिटं, काही नाही. शेवटी तो गेल्या वर्षीचा बिचारा कार्बन रेझिस्टन्स डब्यातून शोधून काढला आणि परत जागेवर लावला. तरी काही नाही. त्याची माफी मागून तो तिथेच राहू दिला.

बाकीचे आवाज, थोडक्यात

सूं-सूं, शॉवरसारखी: थोडी असणारच, ती गेनची किंमत आहे. अचानक वाढली असेल तर पहिला व्हॉल्व्ह बदलून पाहा, मग पहिल्या टप्प्यातला प्लेट रेझिस्टन्स मेटल फिल्मचा करा. इथे तो खरंच उपयोगी पडतो.

बटण फिरवताना खरखर: पॉटमध्ये (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टन्समध्ये) कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. चार दिवसांत परत आली तर पॉटला दोष देऊ नका, मागचा कपलिंग कंडेन्सर गळून पॉटवर डीसी येतोय का ते मोजा. नवा पॉट घालून उपयोग नाही, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

चालू ॲम्पवर हलकी टिचकी मारल्यावर ठण्ण: व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक झालाय. आईस्क्रीमच्या कोरड्या काडीनं प्रत्येक व्हॉल्व्हवर टकटक करा, जो सगळ्यात मोठ्यानं ओरडेल तो. थोडासा टणत्कार सगळेच करतात. काडीनंच आतल्या तारा आणि सांधे हलवले तर सुटलेला डाखही सापडतो, मात्र काडी लाकडाचीच हवी.

जुनी फटफटी सुरू व्हावी तसं फट-फट-फट: सप्लायच्या शेवटच्या टोकाचा कंडेन्सर गेलाय, पुढचे आणि मागचे टप्पे एकाच नळातून पाणी पिऊ लागलेत.

बटण वर नेताना शिट्टी: तारांची मांडणी. आउटपुटकडच्या तारा इनपुटजवळून गेल्या असतील तर लांब करा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलल्यावर लगेच किंचाळायला लागला आणि ॲम्पला निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देणारी वाट) असेल, तर ट्रान्सफॉर्मरच्या प्लेटकडच्या दोन तारा उलटसुलट करा.

आकाशवाणी: ॲम्पमधून बातम्या आल्या तर हसून घ्या आणि इनपुट जॅक पाहा. जॅकचा गंजलेला सांधा किंवा ग्रिडच्या आधीचा ६८ किलोओहमचा रेझिस्टन्स निकामी, दोन्हींपैकी एक असतो. केबल न लावताच गुणगुण येते आणि केबल लावली की जाते, हेही जॅकचंच. केबल नसताना इनपुट चासीला जोडून ठेवणारा त्यातला पत्रा टेकत नसतो.

ॲम्प परत देताना मागच्या फळीच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. त्यावर प्रत्येक व्हॉल्व्हच्या पिनांवरचे व्होल्ट, काय बदललं, काय बदलून परत लावलं, आणि तारीख. पुढचा जो कुणी उघडेल त्याला माझ्यासारखं आंधळी कोशिंबीर खेळावं लागू नये. त्यानंतर दोन पावसाळे झाले. मित्रानं त्या कागदावर पेन्सिलनं स्वतःचीही एक ओळ घातलीये: "जुलै. धो धो. ॲम्प कोरडा, वाजवणारा भिजला."